१९११ चा रुपया: विकणाऱ्याला भाव माहीत नसेल तर घेणाऱ्याने किती द्यावा?

नाणेवेडा सिडको (धागाकर्ता)

मंडळी, एका गोष्टीवर मतं हवीत, चुकत असेन तर तोंडावर सांगा. आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू, वय सत्तरच्या पुढं, परवा रुमालाची पुरचुंडी घेऊन आल्या, मी नाणी जमवतो हे त्यांना माहितीये. आत एकच राजाछाप रुपया, १९११ चा, पंचम जॉर्ज. म्हणाल्या सराफ बाजारात दाखवला तर त्याने साडेअकराशे सांगितले, भाचा मोबाईलवर बघून म्हणतो अडीच लाखाला जातो, तूच सांग बाबा खरं काय ते, मला विकायचाच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक बारीक हत्ती आहे, त्याची सोंड आणि पाय इतके आखूड कोरले गेले की तो डुकरासारखा दिसतो. लोकांच्या भावना दुखावल्या, बोंब झाली, सरकारने नाणी मागे घेतली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून नीट सोंडेचा केला. सुमारे ९४ लाख पाडलेली, त्यातली सात लाखांच्या आसपास बाहेर गेली होती, बाकीची वितळवली. म्हणून त्याला पिग रुपी म्हणतात.

काकूंचं नाणं अस्सल आहे. वजन ११.५२ ग्रॅम भरलं (नवीन असताना ११.६६), ग्लासात दोऱ्याने टांगून पाण्यातलं वजन घेतलं तर घनता १०.३ च्या जवळ आली, म्हणजे ९१.७ टक्के चांदी बरोबर. कड सुरेख दातेरी, टाका कुठे नाही. झीज बेताची, मुकुटाची नक्षी दिसते. पण दर दिवाळीला रांगोळी आणि चिंचेने घासलंय! भिंगाखाली धरलं की मोकळ्या जागेत सगळीकडे एकाच दिशेच्या बारीक रेघा, आणि 'इंडिया'च्या अक्षरांत आणि हत्तीच्या पायात लक्ष्मीपूजनाचं कुंकू गच्च बसलेलं.

मी ३००० देऊ केले. न घासलेलं याच झिजेचं नाणं मागच्या प्रदर्शनात माझ्यासमोर ४५०० ला गेलं. घासलेल्याला तिसरा हिस्सा कापला, सराफापेक्षा अडीच पट जास्त झाले. माझ्या मते रास्त आहे. पण रात्री झोप नीट लागली नाही म्हणून इथे विचारतोय.

पंचवटीकर

झोप लागली नाही यातच उत्तर आहे दादा. काकू तुमच्याकडे विकायला नाही आल्या, विचारायला आल्या. "तूच सांग खरं काय" हे तुम्हीच लिहिलंय. त्या क्षणी तुम्ही सल्ला देणारे झालात, आणि तराजू धरणाराच गिऱ्हाईक झाला तर काटा कुणाकडे झुकणार? सराफाशी तुलना तर करूच नका, सराफाने चांदी तोलली, तो नाणं घेतच नव्हता. ११.५२ ग्रॅमात साडेदहा ग्रॅम चांदी, त्या दिवशी ग्रॅमला ११४ चा भाव धरला तर बाराशे होतात, त्याने घट कापून साडेअकराशे सांगितले, त्याच्या धंद्यात तो चोख आहे. त्याच्या अडीच पट देऊन तुम्ही उपकार नाही केला.

मेनरोडचा जुना गडी

पंचवटीकर, तुमचं बोलणं ऐकायला छान आहे पण धंदा असा चालत नाही. मी २५ वर्षं नाणी घेतो विकतो. ज्ञान फुकट येतं का? कॅटलॉग घेतले, भिंग घेतलं, सुरुवातीला दहा खोटी नाणी गळ्यात मारून घेतली, गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात दर आठवड्याला उन्हात उभा राहिलो तेव्हा कुठं नजर बसली. या नजरेचे पैसे घेणाऱ्याने सोडायचे? आणि ४५०० ला गेलं म्हणजे विकणाऱ्याच्या खिशात ४५०० पडले असं नाही हो. टेबलाचं भाडं, जाण्यायेण्याचा खर्च, आणि ते नाणं आधी वर्षभर त्याच्या डब्यात पडून होतं, त्यात अडकलेला पैसा कोण धरणार. मी असतो तर २५०० च्या वर एक पैसा दिला नसता, आणि त्यात मला काही वाईट वाटलं नसतं.

गंगापूर रोडवाली

जुना गडी, तुम्ही दुकानदार म्हणून २५०० दिलेत तर मला चालेल, कारण समोरच्याला माहितीये की हा दुकानदार आहे, नफा काढणारच. पण धागाकर्ता दुकानदार नाहीयेत, संग्राहक आहेत, ते हे नाणं स्वतःच्या अल्बममध्ये ठेवणार. त्यांना ना टेबलाचं भाडं ना अडकलेला पैसा. मग दुकानदाराची कपात त्यांनी कशासाठी करायची?

माझं स्वतःचं सांगते. सासऱ्यांच्या पेटीत ११ रुपये होते, राणीछाप, सगळे १८६२ चे. २०१५ मध्ये घराच्या कामाला पैसे कमी पडले तर मिस्टरांनी एका दुकानात तोळ्यावर घातले. मी आदल्या दिवशी आठवण म्हणून फोटो काढले होते. नंतर कळलं की १८६२ हे साल पुढं बरीच वर्षं तसंच ठेवून रुपये पाडले आणि मुंबईच्या टांकसाळीत सालाजवळ बारीक ठिपके देऊन फरक ठेवलाय, काही ठिपक्यांचे रुपये सहज मिळतात, काहींचे फार कमी. फोटो मोठे करून बघितले तर दोनावर असे ठिपके होते जे मला अजून कुठे विकायला दिसलेले नाहीत. त्या दुकानदाराने आमच्यासमोर अकरा नाण्यांतून तेवढे दोन बाजूला काढले होते हो, हे मला चक्क आठवतं, मी विचारलं सुद्धा की ते वेगळे का, तर म्हणाला डाग आहेत. त्याचं ज्ञान त्याने कमावलेलं, मान्य. पण "डाग आहेत" हे ज्ञान नाही, हे खोटं आहे. गप्प बसून कमी देणं आणि खोटं सांगून कमी देणं यात फार अंतर नसतं असं मला तेव्हापासून वाटतं.

मखमलाबाद नाका

ताई तुमच्याबद्दल खरंच वाईट वाटलं. पण सगळ्यांना एका मापात घालू नका.

आणि भाच्याच्या अडीच लाखाचं कुणी बोललंच नाही अजून, खरा घोळ तिथूनच सुरू होतो. नेटवर मागितलेली किंमत ही किंमतच नाही, कुणी पण काही पण आकडा टाकू शकतो. वैष्णोदेवीचं पाच दहाचं नाणं लाखांत जातं म्हणून किती लोक डबे उपसत बसलेत बघा, ती नाणी तर ढिगाने पाडलीयेत. त्यातून फसवणूक सुरू झाली, आधी नोंदणी फी भरा मग टॅक्स भरा असं करून लोकांना लुबाडायला लागले, आणि तेही रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून, शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच पत्रक काढलं की जुन्या नाणी नोटांच्या व्यवहारात आमचा संबंध नाही, आम्ही कसलीही फी घेत नाही. काकूंना हे आधी सांगा, नाहीतर ३००० असो की ४०००, त्यांना आयुष्यभर वाटत राहणार की याने अडीच लाखाचं नाणं ढापलं.

पंचवटीकर

हे एकदम बरोबर. आणि परदेशातल्या लिलावाचे डॉलरमधले आकडेही दाखवू नका, शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, बाहेर पाठवताच येत नाही. तिथला भाव काकूंच्या काय कामाचा.

अंजनेरीचा वाटसरू

मला दोन्ही बाजूंना एक विचारायचंय. ४५०० हा आकडा आला कुठून? एका प्रदर्शनातल्या एका सौद्यातून. एका सौद्यावर भाव ठरतो का? आपल्याकडचे लिलाववाले निकाल छापतात, याच सालाची याच झिजेची निदान पाच सहा विक्री काढा आणि मधला आकडा धरा. शिवाय एकाच विक्रीत तीन आकडे असतात हे लक्षात घ्या. समजा लिलावात हातोडा ५००० वर पडला, म्हणजे शेवटची बोली तेवढी झाली. घेणारा त्यावर लिलाववाल्याला प्रीमियम देतो, १५ टक्के धरू, म्हणजे ५७५० आणि वर जीएसटी. विकणाऱ्याचं कमिशन कापलं जातं, १० टक्के धरू, त्याच्या हातात ४५००. मग त्या नाण्याची किंमत ४५०० का ५००० का ५७५०? मधे कोणी नसताना शेजाऱ्या शेजाऱ्यांत सौदा होतोय तर ही मधली फट दोघांनी वाटून घ्यावी, माझ्या मते रास्त भावाचं याहून सरळ गणित नाही. सगळी फट घेणाऱ्याने खाल्ली की तिथं लबाडी सुरू होते.

आणि "दुर्मीळ" हा शब्द जपून वापरा. सात लाख बाहेर गेलेलं आणि गंमत म्हणून लोकांनी मुद्दाम जपून ठेवलेलं नाणं दुर्मीळ नसतं, त्याला मागणी आहे एवढंच. जुनं म्हणजे महाग हा तर आपल्या नाशिक जिल्ह्यातच खोटा ठरलेला समज आहे. १९०६ मध्ये जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची चांदीची १३ हजारांवर नाणी एका ठेव्यात सापडली, त्यातल्या दोन तृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. जवळपास दोन हजार वर्षं जुनी, पण संख्या एवढी की १९३९ चा एक अस्सल रुपया त्यातल्या साध्या नाण्याच्या कितीतरी वर जातो. अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेत एकदा जाऊन या, त्र्यंबक रोडलाच आहे, नाण्याच्या वयापलीकडे काय काय बघायचं ते तिथं नीट कळतं.

मेनरोडचा जुना गडी

१९३९ काढलाच आहे तर सांगतो, तो ९१.७ टक्के चांदीचा शेवटचा रुपया, १९४० पासून चांदी ५० टक्क्यांवर आली. बरेचसे १९३९ वितळले म्हणून भाव, आणि भाव म्हणून खोटे. नंतरच्या सालाचा आकडा कोरून १९३९ केलेला माझ्याकडेच आला होता, पाण्यात तोलला तर घनता साडेनऊ, तिथंच कळलं. विकायला आणलेली बाई तर म्हणत होती वडिलांच्या ट्रंकेतला आहे, आणि ती खोटं बोलत नव्हती, वडीलच फसले होते. मी मान हलवून "घेत नाही" एवढंच म्हणून परत दिला असता तर ती दुसरीकडे जाऊन फसवणूक करणारी ठरली असती. मी बसवून समजावलं, अर्धा तास गेला, एक रुपया घेतला नाही. तेव्हा जाणकार लोक नुसते लुबाडायला बसलेत असं जे ताईंच्या लिहिण्यातून वाटतं ते मला लागलं.

गंगापूर रोडवाली

काका, तुम्ही त्या बाईला अर्धा तास दिलात ते फार चांगलं केलंत आणि मी तुम्हाला लुबाडणारा म्हटलेलं नाही. पण बघा ना, नाणं खोटं होतं तेव्हा तुम्ही सगळं समजावून सांगितलंत. खरं निघालं असतं तर सांगितलं असतंत का, की बाई हा अमुक इतक्याला जातो?

मेनरोडचा जुना गडी

नसतं सांगितलं. माझा भाव सांगितला असता. खोटं बोललो नसतो, तिने लिलावाचं विचारलं असतं तर तेही सांगितलं असतं, पण आपणहून नाही. आणि हे मी आजही बरोबरच मानतो. पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात ३५ कार्षापणांना (चांदीची नाणी) एक सुवर्ण (सोन्याचं नाणं) असा दर कोरून ठेवलाय, सगळ्यांना दिसेल असा. जुन्या नाण्यांचा असा दर कुठल्या भिंतीवर नसतो, म्हणून तर नजरेला पैसे आहेत.

पंचवटीकर

काका, तुम्ही दुकानात बसून गप्प राहता ते एक वेळ समजू शकतो. पण ज्याला दर माहितीये आणि ज्याच्यावर समोरच्या म्हातारीचा भरवसा आहे, तिथं काकूंसाठी ती भिंत म्हणजे तो माणूसच. एवढंच माझं म्हणणं आहे.

सातपूर कॉलनी

ग्रेडिंगला का नाही पाठवत? पीसीजीएस नाहीतर एनजीसी, या कंपन्या नाणं तपासून ७० पैकी आकडा देतात, सीलबंद होऊन येईल, वाद मिटला.

अंजनेरीचा वाटसरू

घासलेल्या नाण्याला ते आकडा देत नाहीत, नुसतं "डिटेल्स, क्लीन्ड" लिहून येतं. ७० पैकी किती हेच कळणार नसेल तर एवढ्या किमतीच्या नाण्याला तो खर्च कशाला.

नाणेवेडा सिडको (धागाकर्ता)

सगळ्यांचं वाचलं, दोन तीनदा वाचलं. पंचवटीकरांचं तराजूवालं वाक्य मनाला लागलं.

काल काकूंकडे गेलो. लिलावाचे सहा निकाल काढून नेले होते, याच झिजेचे, त्यातले दोन घासलेले. फोनवर एकेक दाखवला, घासलेलं आणि न घासलेलं भिंगातून त्यांच्याच हातात देऊन दाखवलं. त्या म्हणाल्या अगं बाई, म्हणजे मीच दरवर्षी पैसे घासून टाकले की. मला कसंतरी झालं, म्हटलं काकू तुम्ही देवासाठी घासलंत. मग सांगितलं की दोन घासलेल्यांचा हातोडा ४००० आणि ४२०० आहे, लिलावात दिलं तर कमिशन कापून तुमच्या हातात ३६०० ते ३८०० पडतील तेही चार सहा महिन्यांनी, मी आज रोख ३८०० देतो, पण आज घेणार नाही, आठ दिवस कुणाला पण विचारा, जुन्या गडींसारख्या दुकानदाराला पण दाखवा. भाच्याला फोन लावून अडीच लाखाचं पण समजावलं, त्याला अजून पटलेलं नाहीये. काकू म्हणाल्या रविवारी सांगते.

जुने गडी, तुमची नजर तुम्ही कमावलीत हे मला शंभर टक्के मान्य, मी दुकान टाकलं तर तुमच्यासारखंच करेन कदाचित. पण त्या माझ्या आईला हळदीकुंकवाला बोलावतात, तिथं मला दुकानदार होता येत नाही.

मेनरोडचा जुना गडी

३८०० जास्त झाले. पण तुमची मर्जी. नाणं माझ्याकडे आलं तर मी २५०० च म्हणणार हे आधीच सांगून ठेवतो.

अंजनेरीचा वाटसरू

मला उलट कमी वाटतायत. ३८०० म्हणजे तुम्ही त्यांना विकणाऱ्याच्या हातातला आकडा दिलात, फट परत तुमच्याच खिशात राहिली. ४२०० च्या हातोड्यावर घेणाऱ्याला प्रीमियम आणि टॅक्स धरून पाच हजारांच्या आसपास पडले असणार, मधला आकडा ४३०० च्या पुढं जातो. ४३०० द्या. आणि घेतलंत तर अक्षरांतलं कुंकू तसंच राहू द्या, टाचणी लावू नका.