मदत हवी आहे: लहान मुलीला वाक्यातला कर्ता ओळखायला कसं शिकवू?

नमस्कार मंडळी. भाची तिसरीत आहे. 'कर्ता ओळखा' म्हटलं की वाक्यातला पहिला शब्द लिहून मोकळी होते. 'मुलगी चित्र काढते' यात ते चालून जातं. पण 'भिंतीवरून मांजराने उडी मारली' आलं की कर्ता 'भिंतीवरून'!

'क्रिया करणारा तो कर्ता' हे तोंडपाठ आहे. त्यावर तिचा प्रश्न: 'दगड पडला' यात दगड काय करतो? खरंय, बिचारा काहीच करत नाही. 'मला गाणं आवडतं' यात ती 'मला' म्हणते. आणि 'मुलाने गोष्ट वाचली' यात 'वाचली' गोष्टीप्रमाणे आलंय, मग कर्ता गोष्ट का नाही? इथे माझीच बोलती बंद होते. सोपं करून कसं सांगू?

प्रतिसाद १
व्याख्या काही दिवस बाजूला ठेवा. आधी क्रियापदाखाली रेघ मारायला लावा, बाकी काही नाही. मग त्याच्या धातूला, म्हणजे मूळ रूपाला ('पडला'चं 'पड'), 'णारा, णारी, णारं' जोडून 'कोण?' किंवा 'काय?' विचारायचं. पडणारा कोण? दगड. उडी मारणारं कोण? मांजर. वाचणारा कोण? मुलगा. आवडणारं काय? गाणं. म्हणजे शालेय व्याकरणाप्रमाणे तिथे कर्ता 'गाणं', 'मला' नाही. मोठ्यांनाही हे पटायला वेळ लागतो.

पहिल्या शब्दाची सवय मोडायला कागदाच्या पट्ट्या करा. 'मुलीने', 'भिंतीवर', 'चित्र', 'काढलं'. पट्ट्या हव्या तशा फिरवू द्या आणि दर वेळी 'काढणारी कोण?' विचारा. 'चित्र भिंतीवर मुलीने काढलं' असं झालं तरी उत्तर तेच येतं, हे तिला स्वतःला दिसलं पाहिजे. आपण सांगून उपयोग नाही.

प्रतिसाद २
'वाचली'चा प्रश्न प्रयोगाचा, म्हणजे क्रियापद कोणाप्रमाणे बदलतं याचा आहे, कर्त्याचा नाही. मुलाने गोष्ट वाचली, मुलाने पुस्तक वाचलं, मुलाने धडा वाचला. क्रियापद कर्माप्रमाणे, म्हणजे जे वाचलं त्याप्रमाणे बदलतंय, वाचणारा मुलगाच राहतो. ही तीन वाक्यं एकाखाली एक लिहून दाखवा. 'कर्मणी' वगैरे नावं आत्ता नकोत. उत्तरात 'मुलगा' लिहायचं की 'मुलाने', ते मात्र तिच्या बाईंना विचारून घ्या.

धागाकर्ती
'णारा' लगेच जमलं, आभार! 'घरी ये' यात 'येणारी कोण? मीच की!' म्हणाली. तो लपलेला 'तू' आहे हे मग समजावलं. पण आता 'उजाडलं' घेऊन बसलीये. उजाडणारं काय?

प्रतिसाद १
हुशार आहे पोरगी! तिथे कर्ता वेगळा दाखवताच येत नाही, म्हणून त्याला भावकर्तृक क्रियापद म्हणतात. 'गडगडतं', 'मळमळतं' त्यातलेच. तिला 'इथे कर्ता दिसत नाही' एवढंच सांगा आणि असली वाक्यं सध्या सरावात घेऊ नका.