सॉल्व्हेटला मराठीत काय म्हणाल?

अनुवादी_मनी: एका औषधाच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय, त्यात हायड्रेट आणि सॉल्व्हेट, म्हणजे आत पाणी किंवा दुसरा द्रावक धरून बसलेले स्फटिक, दोन्ही आलेत. हायड्रेटला शाळेतलं स्फटिकजल आठवलं, तिथे निभावलं. सॉल्व्हेटला 'द्रावकयुक्त स्फटिक' केलं तर तपासणाऱ्यांनी खोडून 'ओलसर स्फटिक' लिहिलंय. वाचणाऱ्याला गोळ्या दमट निघाल्या असं वाटेल ना? सुचवा काहीतरी.

लॅबवाला: ओलसर अजिबात नको. अमॉक्सिसिलिनच्या स्ट्रिपवर बघा, ट्रायहायड्रेट लिहिलेलं असतं. दर रेणूमागे पाण्याचे 3 रेणू, हायड्रोजन बंधांनी धरलेले, प्रत्येकाची जागा ठरलेली. वजनात जवळपास 13 टक्के पाणी आणि पावडर हाताला ठणठणीत कोरडी. म्हणून तर 500 मिग्रॅ अमॉक्सिसिलिन हवं असेल तर ट्रायहायड्रेट 574 मिग्रॅ घालावं लागतं. ओल वरून बसते, वाळवली की जाते. हे आतलं पाणी ओढून काढलं तर बऱ्याचदा स्फटिकाची मांडणीच बिघडते. सॉल्व्हेटचं तेच, फक्त पाण्याऐवजी ज्या द्रावकातून स्फटिक पाडला त्याचे रेणू आत जागा धरून बसतात, इथेनॉल म्हणा, ॲसिटोन म्हणा.

पेठकर: सजल आणि सद्रावक. आत पाणी नसेल तर निर्जल. संस्कृत हाताशी असताना इतका काथ्याकूट कशाला?

चहाबाज: सजल म्हटलं की डोळे भरून आलेले दिसतात आणि निर्जल म्हटलं की आजीची निर्जळी एकादशी. गोळी घेणाऱ्याने रडायचं की उपास करायचा?

पेठकर: शब्द वापरत नाही म्हणून विचित्र वाटतो. 'द्रावण' तरी कोण घरात बोलतं, पण परीक्षेत लिहिलंतच ना?

बीएस्सी_नापास: आम्हाला ऑक्झॅलिक ॲसिडचं दशांश नॉर्मल द्रावण करायला असायचं, लिटरला 6.3 ग्रॅम, कारण त्याच्या दर रेणूला पाण्याचे 2 रेणू असतात. एकाने पाणी न धरता हिशोब केला आणि 4.5 ग्रॅमच घेतलं, मग काय पूर्ण टायट्रेशनचं वाटोळं. आमचे सर म्हणायचे "पाण्यासकट तोल रे". तेच घ्या की, पाण्यासकट स्फटिक, द्रावकासकट स्फटिक.

अनुवादी_मनी: 'सकट' आवडलं! पण माहितीपत्रकात चालेल का, जरा बाजारात बोलल्यासारखं वाटतंय.

कोकणकन्या: आमच्याकडे तोंड आलं की तुरटीची लाही करून लावायचे. तव्यावर तुरटीचा खडा ठेवला की आधी तो स्वतःच्याच पाण्यात विरघळल्यासारखा होतो, चरचरतो, मग फुगत फुगत पांढरी हलकी लाही. ते चरचरणारं म्हणजे स्फटिकजलच की. म्हणजे निर्जलला आपला शब्द आधीच आहे, लाही! आणि हिंदीतली फिटकरी पण स्फटिकावरूनच आलीय.

लॅबवाला: तुरटी सेंद्रिय नाही हो, इथे सेंद्रिय स्फटिकांचं चाललंय.

कोकणकन्या: पाण्याला काय कळतं सेंद्रिय की असेंद्रिय.

चहाबाज: लॅबवाले, दारुनावीर नावाचं एचआयव्हीचं औषध इथेनोलेट, म्हणजे दारूतल्या इथेनॉलचं सॉल्व्हेट असतं म्हणे, खरंय? नावातही दारू, स्फटिकातही दारू 😂

लॅबवाला: खरंय. 600 मिग्रॅच्या गोळीत साधारण 50 मिग्रॅ इथेनॉल येतं, चढायचं नाव नको. आणि घरातलंच हवं असेल तर ग्लुकोज पावडर बऱ्याचदा मोनोहायड्रेट असते. खडीसाखरेत मात्र एवढा मोठा स्फटिक असून स्फटिकजल नाही.

बोईसरकर: मी एमआयडीसीत बल्क ड्रगमध्ये, म्हणजे औषधांचा मूळ माल बनवणाऱ्या कारखान्यात काढली नोकरी. तिथे सद्रावक म्हणालात तर चहा पाजून गेटवर सोडतील. सगळे सॉल्व्हेटच म्हणतात, अगदी आठवी पास ऑपरेटरसुद्धा, आणि त्याला ते तुमच्या माझ्यापेक्षा नीट कळतं. ड्रायरमधून माल काढला की एलओडी लावायचा, म्हणजे तापवून वजन किती घटतं ते बघायचं, जास्त आला तर केएफ, म्हणजे कार्ल फिशर चाचणी. केएफ फक्त पाणी मोजतो, एलओडीत तापवल्यावर जे जे उडतं ते सगळं धरलं जातं, त्यामुळे दोन्हीत फरक पडला की समजायचं पाण्याशिवाय अजून कोणीतरी आत आहे.

पेठकर: ऑपरेटर म्हणतो म्हणून तो मराठी शब्द झाला का?

बोईसरकर: मग कोण म्हटल्यावर होतो?

पेठकर: इंग्रजी क्रिस्टलचं मूळ तरी माहितीय का, ग्रीकमध्ये तो बर्फाचा शब्द होता.

बीएस्सी_नापास: म्हणजे पाणी मुळातच आत आहे, सजलही नको नि काही नको.

अनुवादी_मनी: अहो मला उद्या फाइल द्यायचीय. ओलसर सोडून काहीही चालेल, निदान दोघांचं तरी एकमत करा.

कोकणकन्या: फिटकरीवरून आठवलं, मोरचूदमधला चूद कुठून आला?

पेठकर: संस्कृत मयूरतुत्थ. तुत्थचं चूद.

चहाबाज: त चा च? उगाच काहीतरी.

पेठकर: हिंदीतल्या नीलाथोथातला थोथाही तुत्थच, बघा कोश उघडून.