मदत हवी आहे: कौलारू घराच्या छोट्या फोटोत पाऊस पाडायचाय, पण पडतोय बर्फ

नमस्कार मंडळी,

फोटो हलता करण्यातलं ज्यांना कळतं त्यांच्याकडे मदत मागते आहे. जरा लांबण लागेल, कारण फोटो कसला आहे हे कळल्याशिवाय माझी अडचण लक्षात यायची नाही.

दिवेआगरला आमचं घर होतं. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे सुपारीची वाडी. ३ जून २०२०ला निसर्ग वादळात वाडीतला माड घरावर आडवा झाला, आढं मोडलं, अर्धी कौलं विहिरीपर्यंत उडाली. उभ्या राहिलेल्या भिंती नंतर आम्हीच उतरवल्या. आता आई माझ्याकडे श्रीवर्धनला असते, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये.

त्या घराचा पावसातला एकही फोटो आमच्याकडे नाही. पाऊस लागला की लाकडं आत घ्यायची, झाप बांधायचे, फोटोचं सुचणार कुणाला? जो एक उरलाय तो मे महिन्यातला, माझ्या पहिल्या कॅमेरावाल्या फोनवरचा. तेव्हा मामेभावाला एमएमएसने पाठवला होता म्हणून वाचला. आकार १६० बाय १२० पिक्सेल, एवढाच. पडवीचा कठडा दोन पिक्सेल जाड. दोरीवर वाळत घातलेलं आईचं निळं लुगडं मोजून ७ पिक्सेल. पण घर ओळखू येतं. पडवीच्या दारातला काळोखसुद्धा ओळखू येतो.

गेल्या पावसाळ्यात आई खिडकीशी बसली होती. म्हणाली, "इथे पाऊस नुसता पडतो गं, उतरत नाही." तिला म्हणायचं होतं की स्लॅबला पागोळ्या नसतात. मग थोड्या वेळाने विचारलं, "त्या फोटोत पाऊस पाडता येतो का तुम्हाला कॉम्प्युटरवर?" मी हो म्हटलं. आणि तिथेच अडकले आहे.

शोधलं तर सगळीकडे बर्फच सापडतो. नाताळच्या शुभेच्छांच्या चित्रांवर पांढरे ठिपके टाकून जीआयएफ कशी करायची, हे पायरी-पायरीने समजावणारे पुष्कळ जण आहेत. त्यातलंच एक वाचून गिंप या चित्रं सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं. काळा लेयर (चित्रावरचा थर) घेतला, त्यावर नॉइज म्हणजे विखुरलेले ठिपके टाकले, थ्रेशोल्डने त्यातले थोडेच ठेवले, मोड स्क्रीन केला, म्हणजे काळा दिसेनासा होऊन ठिपके उरतात. त्याच्या १० प्रती काढून प्रत्येक प्रत थोडी थोडी खाली सरकवली आणि जीआयएफ म्हणून एक्स्पोर्ट केलं. आईला दाखवलं. चष्मा लावून नीट पाहिलं तिने आणि म्हणाली, "हा पाऊस नव्हे, कुणीतरी कापूस पिंजतंय."

खरं आहे तिचं. जांभ्याच्या भिंतीवर, माडाच्या झावळ्यांवर भुरुभुरु बर्फ पडतोय. दिवेआगरला! वेग वाढवावा म्हणून फ्रेममधलं अंतर १० मिलिसेकंद केलं, तर ब्राउझरमध्ये तो जास्तच संथ झाला. हे का, ते मला अजिबात कळलेलं नाही. शिवाय दर फेरीला एक झटका बसतो, सगळे थेंब एकदम उडी मारतात. आणि भिंतीचा तांबडा रंग सतत वळवळतो, जशा काही तिच्यावर मुंग्या चढल्यात. मूळ फोटोत ती भिंत शांत आहे.

यातून सगळं नाही जमलं तरी चालेल. पण पडवीच्या वळचणीवरून पागोळ्या पडलेल्या मला हव्यात. त्या कशा करतात हे कुठेच सापडलं नाही, बर्फवाल्यांना त्याची गरज पडत नसावी. कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. आगाऊ आभार.

प्रतिसाद १

ताई, आधी वेगाचं सांगतो, कारण त्यात तुमची चूक नाही. जीआयएफमध्ये फ्रेमचा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहिला जातो. १० मिलिसेकंद म्हणजे त्यातला एक. पण बहुतेक ब्राउझर शून्य किंवा एक हा आकडा मानतच नाहीत, त्याऐवजी सरळ १०० मिलिसेकंद धरतात. म्हणून तुम्ही वेग वाढवायला गेलात आणि पाऊस मंदावला. ७० मिलिसेकंद ठेवा. १० फ्रेमना ०.७ सेकंदाची फेरी होते. हा आकडा लक्षात ठेवा, पागोळ्यांना लागणार आहे.

कापूस दिसतो कारण थेंब गोल आहेत. बर्फाची भुरभुर सेकंदाला जेमतेम मीटर-दोन मीटर उतरते, डोळा तिचा पाठलाग करू शकतो. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला ८-९ मीटरने येतो. त्याचा ठिपका डोळ्याला दिसत नाही, रेघ दिसते. म्हणून ठिपक्यांवर लिनियर मोशन ब्लर (एकाच दिशेने पुसट ओढणं) मारा, लांबी १२ ते १५ पिक्सेल. मात्र ब्लर कडेला जाऊन तुटतो आणि तिथे शिवण दिसते. त्यासाठी ठिपक्यांचा लेयर आधी टाइल करून ३ बाय ३ पसरा, म्हणजे ४८० बाय ३६०. मग ब्लर करा आणि मधला १६० बाय १२०चा तुकडा कापून घ्या. तो चारही बाजूंनी जुळतो.

झटक्याचं कारण सरकवण्यात आहे. ऑफसेटमध्ये (लेयर सरकवण्याची सोय) रॅप अराउंड चालू ठेवा, म्हणजे एका कडेने बाहेर गेलेलं दुसऱ्या कडेने आत येतं, आणि १० फ्रेममध्ये लेयर पूर्ण फेरी मारून मूळ जागी आला पाहिजे. तुमच्या मापाला प्रत्येक फ्रेमला आडवा १६ आणि खाली ४८ सरकवा. आडवे झाले १६०, म्हणजे एक पूर्ण रुंदी. उभे झाले ४८०, म्हणजे चार पूर्ण उंच्या. झटका राहणार नाही. रेघांचा तिरकेपणाही तोच ठेवा, आडवा एक तर उभा तीन. रेघ एकीकडे झुकलेली आणि थेंब दुसरीकडे पडतोय असं झालं की सगळं खोटं दिसतं. समुद्र कुठल्या बाजूला होता ते आईला विचारून घ्या, झड तिकडूनच येणार.

लांबचा पाऊस वेगळा करा. ठिपक्यांची टाइल ८० बाय ६०ची घ्या, रेघा निम्म्या लांबीच्या, आणि सरकवा ८ व २४. वेग निम्मा, तिरकेपणा तोच, फेरीही जुळते. जवळचा आणि लांबचा असे दोन थर झाले की चित्राला खोली येते. मी बर्फावरही हेच करतो, फक्त तिथे रेघांऐवजी ठिपके लहान-मोठे करतो.

प्रतिसाद २

वरच्या उत्तरात रंगाचं राहिलं. रेघा पांढऱ्या ठेवू नका. फोटोतल्या आभाळाचा करडा उचला आणि ३०-३५ टक्के अपारदर्शकता द्या. पाऊस उजळ आभाळावर दिसत नाही, काळोखावर दिसतो. झावळ्यांच्या गर्दीत, वाडीच्या सावलीत तो दिसला पाहिजे. पडवीच्या आतला भाग मास्क करून (झाकून) वगळा, नाहीतर घरात पाऊस पडेल.

जीआयएफमध्ये अर्धी पारदर्शकता नसते. पिक्सेल असतो किंवा नसतो. म्हणून पावसाचा प्रत्येक लेयर फोटोच्या एकेका प्रतीवर मर्ज डाउन करा आणि मगच इंडेक्स्ड मोडमध्ये (मोजक्या रंगांच्या यादीवर चालणाऱ्या) जा. मुंग्यांचं कारणही इथेच आहे. जीआयएफला जास्तीत जास्त २५६ रंग, त्यामुळे मधल्या छटा ठिपक्यांच्या मिश्रणाने भागवल्या जातात, यालाच डिदरिंग म्हणतात. फ्लॉइड-स्टाइनबर्ग पद्धतीत हे मिश्रण शेजारच्या पिक्सेलवर अवलंबून असतं. शेजारून थेंब गेला की भिंतीवरचे ठिपके जागा बदलतात आणि भिंत वळवळते. इंडेक्स्ड करताना डिदरिंगला पोझिशन्ड निवडा, ठिपके जागेवर बसतात. शेवटी ॲनिमेशनमधलं ऑप्टिमाइझ चालवा, फाइल हलकी होते.

प्रतिसाद १ (पुन्हा)

आता पागोळ्या. यांना ऑफसेट चालत नाही, कारण पाऊस एका वेगाने येतो, पण पागोळी वळचणीशी थबकते आणि मग वेग घेत सुटते. ८ फुटांवरून सुटलेला थेंब जमिनीला टेकायला साधारण ०.७ सेकंद लागतात. तुमची फेरी तेवढीच आहे. तुमच्या फोटोत वळचण ते अंगण किती पिक्सेल आहे? ३६च्या आसपास असेल तर थेंबाच्या जागा वळचणीपासून अशा: ०, १, ३, ६, ९, १३, १८, २३, २९, ३६. पेन्सिल टूलने एक पिक्सेल रुंद. वरच्या चार फ्रेममध्ये नुसता ठिपका, खालच्या फ्रेममध्ये ४-५ पिक्सेलची रेघ. टेकला की दोन्ही बाजूंना एकेक फिकट पिक्सेल.

पागोळी कौलाच्या पन्हळीतूनच सुटते, तेव्हा जागा कौलं मोजून धरा. आणि सगळ्या एकाच फ्रेमला सोडू नका. एक पहिल्या फ्रेमला, शेजारची चौथीला, तिच्या पलीकडची नववीला, अशा विस्कटून. सारख्या लयीत सुटल्या तर नळ सोडल्यासारखं दिसतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तीन रात्री बसले. आईकडून समुद्राची बाजू पक्की केली, फोटोत डावीकडे. वळचण ते अंगण ३४ पिक्सेल भरलं, मग शेवटचे दोन आकडे २८ आणि ३४ केले. कौलं मोजली तर १३ पन्हळी दिसतात, चौदावी माडाच्या मागे. आईने सांगितलं की पायरीच्या डोक्यावरची पागोळी सगळ्यात जाड असायची, तिथलं कौल फुटलेलं होतं. ती दोन पिक्सेल रुंद केली. भिंत शांत झाली आहे. पडवी कोरडी आहे.

फोनवर पाठवलं तेव्हा धूसर झालं. चॅट ॲप जीआयएफचा व्हिडिओ करून टाकतं, असं भाच्याने सांगितलं. मग इंटरपोलेशन बंद ठेवून चौपट मोठं केलं, ६४० बाय ४८०, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवलं. आता पिक्सेल चौकोनी दिसतात, पण स्वच्छ.

काल संध्याकाळी दाखवलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. फोन हातात धरून पागोळ्यांवरून बोट फिरवत होती, डावीकडून उजवीकडे, आणि पायरीशी येऊन थांबली. मग म्हणाली, "अगं, लुगडं भिजतंय. ते आत घे आधी."

तर आता शेवटचा प्रश्न. ते निळे ७ पिक्सेल दहाही फ्रेममधून काढायचे आहेत. मागे सुपारीची खोडं आहेत, त्यामुळे नुसता एक रंग भरून चालणार नाही. क्लोन टूलने दहा वेळा करावं लागेल, की मूळ फोटोत एकदा दुरुस्त करून पाऊस पुन्हा पाडू? मर्ज करण्याआधीची फाइल माझ्याकडे जपून ठेवलेली आहे.