क्लायंटला खरंच उमगलंय हे ओळखायचं कसं?

फोंड्याची_काउन्सेलर: प्रॅक्टिस नवीनच आहे. एक क्लायंट (तपशील बदललेत), बाप बोटीवर असायचा, आता बायकोला यायला जरा उशीर झाला की हा घर डोक्यावर घेतो. परवा म्हणाला, "कळलं मला, माणसं सोडून जातील याची भीती आहे." पण हे त्याचं की माझंच वाक्य मला परत ऐकवतोय? मोजायला काही आहे का?

मडगावकर_ताई: स्टाइल्स यांची असिमिलेशन स्केल बघ, त्रासदायक अनुभव माणसाने कितपत पचवलाय ते मोजते, 0 ते 7 असते, 3 म्हणजे प्रॉब्लेम नीट मांडता आला, 4 म्हणजे समज आली आणि 5 म्हणजे ती समज वापरायला लागला. सेशनच्या ट्रान्सक्रिप्टवरून रेटिंग करायचं म्हणजे वेळ जातो गं, पण डोळे उघडतात. मी तर एवढंच बघते की तू न विचारता तो दुसरा प्रसंग स्वतःहून जोडतो का, आणि ते स्वतःच्या कोकणीत सांगतो का.

पेडणेकर: बेक यांची 2004ची 15 वाक्यांची इनसाइट स्केल कुणीतरी सुचवेलच, ती मुळात सायकोसिसच्या (भास-भ्रम होतात त्या आजाराच्या) पेशंटसाठी केलेली, इथे नको.

फोंड्याची_काउन्सेलर: ताई, दुसरा प्रसंग अजून एकही नाही आलेला. म्हणजे 3च धरू ना?

मडगावकर_ताई: हो, सध्या 3च. घाई करू नको.