मदत हवी आहे : कोल्हापूरहून सेरामपूर कॉलेज पाहण्यासाठी

नमस्कार. दिवाळीनंतर आई-वडिलांना घेऊन पश्चिम बंगालमधले हुगळीकाठचे सेरामपूर कॉलेज (गावाचे नाव श्रीरामपूर, पण आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे) पाहण्याचा विचार आहे. १८१८ साली स्थापन झालेल्या आणि १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने पदव्या देण्याचा अधिकार मिळालेल्या या संस्थेची आम्हांला ओढ आहे ती तिच्या संस्थापकांपैकी एक असलेले इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांच्यामुळे, कारण त्यांचा मोडी अक्षरांतला मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये सेरामपुरातच छापला गेला. महाराष्ट्र एक्सप्रेसने पुणे, तिथून आझाद हिंद एक्सप्रेसने हावडा आणि पुढे लोकल, असा बेत आहे. वडिलांचे गुडघे दुखतात. तेव्हा लोकलऐवजी टॅक्सीने बराकपूरला जाऊन नावेने नदी ओलांडणे त्यांना सोयीचे पडेल का? तसेच तेथील कॅरी ग्रंथालय पाहण्यासाठी आगाऊ परवानगी घ्यावी लागते का, हे जाऊन आलेल्यांनी कृपया कळवावे.