चाळीच्या पटांगणात माहितीपट दाखवायचा आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी. लालबागमधल्या आमच्या चाळीत १९८२च्या गिरणी संपावरचा एक माहितीपट मोफत दाखवायचा विचार आहे. जमलं तर पुढे शिवडी, नायगाव, डिलाईल रोडलाही. दत्ता सामंतांच्या हाकेला ओ देऊन अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले काही आजही आमच्या गॅलरीत संध्याकाळी बसलेले असतात. त्यांना मल्टिप्लेक्समध्ये कोण नेणार?

दिग्दर्शकाची लेखी परवानगी आहे, सेन्सॉरचं प्रमाणपत्रही आहे. अडतंय ते पुढे. पटांगण चाळीचंच आहे, तरी पोलीस ठाण्यातून फक्त लाउडस्पीकरची परवानगी पुरते की कार्यक्रमाची वेगळी लागते? रात्री दहाला आवाज बंद करायचाच आहे, म्हणून डिसेंबरात साडेसातला सुरू करू म्हणतो.

दुसरं, प्रोजेक्टर. समोरच्या टॉवरचे हॅलोजन थेट पटांगणावर येतात, त्यात तीन हजार ल्युमेन्स कमी पडतील का? पडद्याला जुन्या फ्लेक्सची पांढरी पाठ चालते असं ऐकलंय (फ्लेक्सचा तुटवडा आपल्याकडे नाही!). चारी बाजूंनी भिंती, त्यामुळे आवाज घुमतो. मोठे स्पीकर लावावेत की छोटे चार ठिकाणी?

आणि खरी डोकेदुखी: कमिटीतले दोघे म्हणतात, ‘राजकारण नको, सत्यनारायणाला पिक्चर लावा.’ त्यांना न दुखावता कसं पटवायचं? असे शो केलेल्यांनी कृपया सांगा. परळ-दादर भागात वाजवी भाड्याने प्रोजेक्टर देणारं कोणी माहीत असेल तर तेही कळवा.