४५ अंश प्रत्येक वेळी नाही

वस्तू जमिनीशी ४५ अंशांच्या कोनात फेकल्यास पल्ला, म्हणजे ती जाते ते अंतर, सर्वाधिक मिळतो, हे विधान बरोबर आहे. मात्र वस्तू सुटते आणि पडते त्या दोन्ही जागा एकाच पातळीवर असतील आणि हवेचा रोध नगण्य असेल, तरच. पाठ्यपुस्तकात ही अट असते, पण सूत्र पाठ करताना नेमकी तीच गळते. गोळाफेकीत गोळा जमिनीपासून सुमारे २ मीटर उंचीवरून सुटतो. वेग सेकंदाला १३ मीटर धरल्यास सर्वोत्तम कोन ४२ अंश येतो, आणि ४५ अंशांत फेकल्यास जेमतेम ९ सेंटिमीटर कमी पडतात.

तरीही कसलेले खेळाडू साधारण ३५ ते ३८ अंशांतच फेकतात, कारण कोन वाढवला की हाताला गोळा गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अधिक उचलावा लागून सुटतानाचा वेगच घटतो. आणि पल्ला ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने ती घट कोनातल्या फरकापेक्षा महागात पडते. गणितात मात्र आपण वेग आणि कोन एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे निमूटपणे गृहीत धरतो.